डीएनएची मोडतोड: परळच्या पेशींपासून धूमकेतूपर्यंत

मुंबईत कर्करोगाचं प्रयोगशाळेतलं काम परळला रुजलं. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ चं. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ मध्ये सुरू झालं, डॉ. वसंत खानोलकर त्याचे पहिले संचालक. तिथेच डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज हे संशोधन टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालतं. रणदिव्यांचं हे काम पायाभूत आहे, कारण पेशी शरीराबाहेर वाढवता आल्या तरच त्यांचा डीएनए मुद्दाम तोडून पुढे काय होतं ते पाहता येतं.

१९६१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की माणसाच्या निरोगी तंतुपेशी (ऊतींना आधार देणाऱ्या पेशी) साधारण ५० विभाजनांनंतर थांबतात. कर्कपेशी थांबत नाहीत. कर्करोग आणि म्हातारपण हे दोन विषय इथे जवळ आले. डीएनए तुटला की पेशी दुरुस्ती करते, मरते किंवा विभाजन कायमचं थांबवते. या थांबण्यामुळे गाठ टळते. पण अशा पेशी वयाबरोबर साठतात आणि दाह वाढवणारी प्रथिनं सोडत राहतात.

मोडतोड एकेका पेशीत मोजणं बरंच उशिरा जमलं. ते करणारी कॉमेट (धूमकेतू) चाचणी १९८४ ची. नरेंद्र सिंह आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तिला अल्कलीची जोड दिली, म्हणून डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाच धाग्यातले तुटेही दिसू लागले. पेशी ३७ अंशांच्या पातळ, थंड झाल्यावर जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या अ‍ॅगरोजमध्ये मिसळून स्लाइडवर थापायच्या, मीठ आणि डिटर्जंटच्या थंड द्रावणात किमान तासभर विरघळवायच्या, मग ०.३ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये २० ते ४० मिनिटं ठेवून तेवढाच वेळ वीज द्यायची. तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा पुढे सरकतो.

व्होल्टेज दर सेंटीमीटरला ०.७ ते १ व्होल्ट ठेवायचं. नुसता यंत्रावरचा आकडा पुरत नाही, तो इलेक्ट्रोडमधल्या अंतराने भागावा लागतो. अ‍ॅगरोज गरम असलं किंवा प्रखर दिवा लागला, तर आपल्याच हातून नवे तुटे पडतात. मुंबईच्या पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ओल धरतात: वजन बरोबर भरतं, अल्कली कमी पडते, धागे नीट सुटत नाहीत आणि शेपट्या आखूड दिसतात. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन डीएनए मुद्दाम तोडलेल्या पेशींची स्लाइड प्रत्येक फेरीत हवीच. तिचीही शेपटी आखूड आली, तर ती फेरी बाद धरावी.