व्हिडिओ गेम : समीक्षकांचे गुणांकन व संक्षिप्त अभिप्राय

व्हिडिओ गेम खेळून झाल्यावर समीक्षकाने दोन-तीन वाक्यांत मांडलेला निष्कर्ष आणि त्यासोबत दिलेला अंक, टक्केवारी, तारे किंवा शिफारशीचा शेरा यांना मिळून त्या गेमचे गुणांकन म्हणतात. समीक्षेचा मुख्य मजकूर हजार-दोन हजार शब्दांचा असतो आणि निकाल शेवटी एका चौकटीत दिलेला असतो. गेम कोणत्या यंत्रावर खेळला, काय आवडले, काय खटकले, थोडक्यात मत आणि सर्वांत ठळक अक्षरांत अंक, असा त्या चौकटीचा ऐवज असतो. बहुतेक वाचक आधी अंक पाहतात आणि पुष्कळजण तिथेच थांबतात. त्यामुळे चौकटीतला अंक आणि त्याच्या शेजारचे वाक्य यांची कुरबुर गेम-समीक्षेत पहिल्यापासून चालत आली आहे.

चित्रपटाच्या मानाने गेमच्या बाबतीत हा निकाल अधिक वजनदार ठरण्यास कारणे आहेत. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो, तर एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा मोठा रोल-प्लेइंग गेम पुरा करायला पन्नास ते शंभर तास लागू शकतात. त्याची किंमत तिकिटाच्या कितीतरी पट असते. शिवाय आपल्या यंत्रावर तो सुरळीत चालेल की अडखळेल, हे विकत घेण्यापूर्वी कळत नाही. म्हणूनच गेम-समीक्षकाकडे सुरुवातीपासून दोन कामे आली: वस्तूची पारख करणे आणि कलाकृतीचे रसग्रहण करणे. एकाच अंकाने ही दोन्ही कामे करावीत ही अपेक्षा मुळातच अवघड आहे, आणि पुढचे बहुतेक वाद तिच्यातूनच निघाले आहेत.

अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आणि ब्रिटनमधील ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ ही दोन्ही मासिके १९८१ मध्ये निघाली आणि गेमविषयीच्या नियमित लेखनाला तेथून वळण लागले. ब्रिटनमधल्या ‘क्रॅश’ (१९८४) व ‘झॅप!६४’ (१९८५) यांनी टक्केवारीची पद्धत रुजवली. ‘झॅप!६४’ मध्ये मांडणी, चित्रण, ध्वनी, किमतीचा मोबदला यांना वेगवेगळे टक्के मिळत. त्यांखेरीज गेम किती चटकन पकड घेतो आणि ती पकड किती दिवस टिकते, यांसाठीही दोन स्वतंत्र रकाने असत. हे शेवटचे दोन रकाने आज कुणी छापत नाही, पण गेम या प्रकाराची नाडी त्यांना बरोबर सापडली होती असे म्हणावे लागते. पहिल्या संध्याकाळी मोहात पाडणारा गेम आणि तिसऱ्या आठवड्यातही सोडवत नाही असा गेम हे नेहमी एकच नसतात.

जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘फामित्सू’ या नियतकालिकाने वेगळी वाट धरली. तेथे एकाच गेमवर चार समीक्षक स्वतंत्रपणे मत देतात, प्रत्येकाचे दहापैकी गुण आणि चार ओळींचा अभिप्राय शेजारी शेजारी छापला जातो आणि बेरीज चाळीसपैकी होते. ३५ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या गेमला प्लॅटिनमचा मान मिळतो. पूर्ण ४० गुण प्रथम १९९८ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या गेमला मिळाले. अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’नेही अनेक समीक्षकांची अशीच पद्धत वापरली. या पद्धतीचा मोठा गुण असा, की मतभेद झाकला जात नाही: एकाने ९ आणि दुसऱ्याने ६ दिले असतील तर गेम कुणाला रुचेल आणि कुणाला नाही, याचा अंदाज वाचकाला तेथल्या तेथे येतो. बेरजेचा आकडा एवढे सांगू शकत नाही.

दहापैकी गुण म्हटले की पाच म्हणजे मध्यम असे गणित सांगते. व्यवहारात मात्र सात हा मध्यम आणि सहा हा जवळजवळ नापास समजला जातो. १९९१ ते १९९६ या काळात निघालेल्या ‘अमिगा पॉवर’ या ब्रिटिश मासिकाने पन्नास टक्के म्हणजे खरोखरच मध्यम, असा आग्रह धरला आणि पूर्ण शंभरांची पट्टी वापरली. त्यापायी प्रकाशकांची नाराजीही ओढवून घेतली. गुण वरच्या टोकाला गोळा होण्यामागे जाहिरातदारांची भीड हे एकच कारण मानणे बरोबर नाही. २०२४ या एका वर्षात स्टीम या विक्रीमंचावर अठरा हजारांहून अधिक गेम आले. त्यांतले मोजकेच संपादकाच्या टेबलापर्यंत पोहोचतात आणि ते बहुधा मोठ्या खर्चाचे किंवा आधीच नावाजलेले असतात. ज्या गेमना तीन गुण मिळाले असते त्यांची समीक्षाच होत नाही. म्हणजे फुगवट्याचा काही भाग हा निवडीचा परिणाम आहे. पट्टीचे वरचे टोक जपून वापरणारेही आहेत. ‘एज’ हे १९९३ पासून निघणारे ब्रिटिश मासिक दहापैकी दहा क्वचितच देते. त्याने पहिले दहा गुण १९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ला दिले. ‘पीसी गेमर’ या मासिकाने २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ला ९७ टक्के दिले, तेव्हा सोळा वर्षांत त्याने दिलेले ते सर्वोच्च गुण होते.

२००१ मध्ये मेटाक्रिटिक सुरू झाले आणि अंकाला त्याच्या वाक्यापासून सुटून फिरता येऊ लागले. वेगवेगळ्या प्रकाशनांचे गुण शंभरच्या पट्टीवर आणून त्यांची भारित सरासरी काढणे, हे या संकलकाचे काम. पाचपैकी चार तारे म्हणजे ८० आणि तीन तारे म्हणजे ६० धरले जातात. कोणत्या प्रकाशनाला किती भार द्यायचा हे मात्र जाहीर केले जात नाही. गेमच्या बाबतीत ७५ व त्यावर हिरवा, ५० ते ७४ पिवळा आणि त्याखाली तांबडा असे रंग ठरलेले आहेत. तीन तारे देणाऱ्याच्या मनात ‘बरा आहे, हौस असेल तर घ्यावा’ असे असते. संकलकाच्या पानावर त्याच्या मताला पिवळा रंग चढतो आणि तो गेम काठावर पास झाल्यासारखा दिसू लागतो. हे भाषांतर बेइमानीचे नाही, पण त्यात अर्थ गळतो. ओपनक्रिटिक या २०१५ मध्ये आलेल्या संकलकाने भार न देता साधी सरासरी काढली आणि किती टक्के समीक्षक गेमची शिफारस करतात तेही वेगळे दाखवले.

सरासरीचा हा आकडा पुढे उद्योगाच्या करारांत शिरला. ‘फॉलआउट : न्यू वेगास’ (२०१०) हा गेम ऑब्सिडियन या कंपनीने बनवला होता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर निर्मात्यांना जादा मोबदला मिळायचा होता आणि प्रत्यक्षात ८४ मिळाले, हे कंपनीतील ज्येष्ठ रचनाकार ख्रिस अॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. कुणा समीक्षकाने दिलेला अर्धा गुण दुसऱ्या कुणाच्या वेतनावर परिणाम करील, हे तो गुण लिहिताना त्याच्या मनातही नसते. दबाव दुसऱ्या बाजूनेही येतो. ‘केन अँड लिंच : डेड मेन’ला गेमस्पॉट या संकेतस्थळावर ६ गुण देणारे जेफ गर्स्टमन यांना नोव्हेंबर २००७ मध्ये नोकरीवरून काढण्यात आले. त्या गेमची जाहिरात त्याच ठिकाणी झळकत होती. या प्रकरणात जाहिरातदारांचा दबाव होता, असे गर्स्टमन यांनी २०१२ मध्ये सांगितले.

संक्षिप्त अभिप्राय किती संक्षिप्त असावा, याचे एक उदाहरण गेमरांच्या तोंडी कायमचे बसले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये आयजीएन या संकेतस्थळाने ‘पोकेमॉन’ मालिकेतील ‘ओमेगा रूबी’ व ‘अल्फा सफायर’ या जोडगेमना ७.८ गुण दिले आणि खटकलेल्या गोष्टींत ‘पाणी फार’ अशा अर्थाचा मुद्दा लिहिला. या तुकड्याची अमाप टिंगल झाली. वस्तुतः तक्रार रास्त होती: नकाशाचा मोठा भाग समुद्राने व्यापलेला असल्याने पाण्यात राहणारे प्राणीच पुन्हा पुन्हा समोर येतात आणि वेगवेगळ्या प्रकारच्या प्राण्यांमधला समतोल, ज्यावर या मालिकेची सगळी खुमारी अवलंबून आहे, तो ढळतो. मूळ समीक्षेत याचे स्पष्टीकरण होते. चौकटीत उतरताना ते निथळून गेले आणि उरले ते फक्त पाणी. ७.८ या दशांश गुणाचीही तेवढीच थट्टा झाली, कारण ७.८ आणि ७.९ यांत नेमका फरक कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही. आयजीएनने जानेवारी २०२० पासून दशांश सोडून एक ते दहा असे पूर्णांकच ठेवले.

समीक्षक मत देतो ते एका विशिष्ट दिवशीच्या गेमवर, आणि गेम त्यानंतर बदलत राहतो. मार्च २०१३ मध्ये आलेल्या ‘सिमसिटी’ला पॉलिगॉन या संकेतस्थळाने प्रकाशनापूर्वीच्या खेळावरून ९.५ गुण दिले. हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हरशी जोडलेला असणे सक्तीचे होते. विक्री सुरू होताच सर्व्हर कोलमडले, खेळाडूंना आत शिरता येईना. पॉलिगॉनने गुण आधी ८ वर, नंतर ४ वर आणले आणि परिस्थिती सुधारल्यावर ६.५ केले. टीका पुष्कळ झाली, पण वाचकाला त्या त्या दिवशीची खरी स्थिती सांगणारा हा प्रामाणिक प्रयत्न होता. मेटाक्रिटिक मात्र प्रकाशनाने दिलेला पहिलाच गुण धरते आणि नंतरचे फेरफार मोजत नाही.

‘सायबरपंक २०७७’ने याच प्रश्नाची दुसरी बाजू उघड केली. प्रकाशक समीक्षकांना गेमची प्रत आधी देतात आणि मत प्रसिद्ध करण्याची तारीख व वेळ ठरवून देतात. या अटीला एम्बार्गो म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये विक्रीपूर्वी केवळ संगणकावरील प्रती वाटण्यात आल्या आणि समीक्षकांना सुरुवातीला स्वतः चित्रित केलेली दृश्ये वापरण्यास मनाई होती. संगणकावरील सरासरी ८६ भरली. प्लेस्टेशन ४ वर मात्र गेम वारंवार बंद पडत होता. तेथील सरासरी पुढे ५७ झाली आणि प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने काही दिवसांतच तो आपल्या दुकानातून काढून घेतला. पहिल्या ८६ मध्ये कुणी खोटे बोलले नव्हते. ज्या यंत्रावर असंख्य लोक तो खेळणार होते ते यंत्रच परीक्षेला बसवलेले नव्हते. याउलट ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी आगाऊ प्रती कुणालाच दिल्या नाहीत, समीक्षक आणि सामान्य खेळाडू एकाच दिवशी खेळू लागले आणि सविस्तर मते मागाहून आली.

अलीकडच्या गेमपैकी ‘एल्डन रिंग’ (२०२२), ‘झेल्डा : टिअर्स ऑफ द किंग्डम’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ (दोन्ही २०२३) यांची मेटाक्रिटिकवरील सरासरी सारखीच, ९६ आहे. पहिला गेम खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा मारून शिकवतो, दुसरा हाती साधने देऊन खटपटी करायला लावतो आणि तिसरा फासे टाकून संवादांतून कथा फिरवतो; ९६ या आकड्यावरून यातले काहीही कळत नाही. अभिप्रायाचे एक वाक्य येथे अंकापेक्षा उपयोगी पडते. अंतराळात भटकण्याचा ‘स्टारफील्ड’ (२०२३) हे उलट टोकाचे उदाहरण आहे. काही प्रकाशनांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले, तर आयजीएन आणि गेमस्पॉट या दोघांनीही ७ दिले. विश्वाचा विस्तार एकाला मोकळीक वाटला आणि दुसऱ्याला पोकळी. सरासरी ८० ते ८५ च्या दरम्यान स्थिरावली, म्हणजे दोन्ही गटांना मान्य नसलेल्या ठिकाणी.

अंकच नको, असेही काहींनी ठरवले. ‘रॉक पेपर शॉटगन’ हे संकेतस्थळ सुरुवातीपासून अंकाविना चालले. युरोगेमर या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दहापैकी गुण बंद करून ‘अत्यावश्यक’, ‘शिफारस’ व ‘टाळावा’ अशा अर्थाचे शेरे आणले. पॉलिगॉनने २०१८ मध्ये गुण सोडले. युरोगेमर मात्र २०२३ मध्ये पाच ताऱ्यांवर परतले. ‘टाळावा’ हा शेरा तरी दुसरे काय आहे? अंक नावाने गेला तरी क्रम लावण्याची सवय जात नाही.

व्यावसायिक समीक्षकांशेजारी खेळाडूंचा निकालही उभा असतो. स्टीमवर २०१३ पासून खरेदीदार अंगठा वर किंवा खाली एवढेच मत देतात आणि त्यांच्या प्रमाणावरून ‘प्रचंड नकारात्मक’ ते ‘प्रचंड सकारात्मक’ असा शेरा आपोआप ठरतो. ही पद्धत ठोकळेबाज असली तरी हलती आहे. तिचा उपयोग निषेधासाठीही होतो. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ संगणकावर खेळण्यासाठी सोनीचे खाते सक्तीचे करण्याची घोषणा होताच दोन लाखांहून अधिक नकारात्मक मते नोंदली गेली आणि सोनीने तो निर्णय मागे घेतला. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०) प्रसिद्ध झाल्याच्या काही तासांत मेटाक्रिटिकवर शून्य गुणांचा पाऊस पडला. इतका लांब गेम तेवढ्या वेळात संपवणे शक्यच नव्हते. त्यानंतर तेथे खेळाडूंचे गुण ३६ तास उशिराने स्वीकारले जाऊ लागले.

‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा आश्वासने न पाळल्याबद्दल त्याच्यावर झोड उठली. निर्मात्यांनी वर्षानुवर्षे मोफत भर घातली आणि २०२४ मध्ये स्टीमवरील त्याचा एकूण शेरा ‘अत्यंत सकारात्मक’ झाला. मेटाक्रिटिकवर त्याच्या प्लेस्टेशन ४ आवृत्तीपुढे आजही २०१६ मधलेच ७१ गुण आहेत.