चाळीतल्या मारिओचा सूर

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझा जुना व्हिडिओ गेम खाली आला. १९९४ साली बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, मूळ जपानी मशीनची नक्कल असलेला, आणि सोबत पिवळ्या प्लॅस्टिकची एक कॅसेट. लालबागच्या आमच्या चाळीत तेव्हा अशी दोनच मशीन होती. मे महिन्याच्या सुट्टीत दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-पंधरा पोरं दाटीवाटीने बसायची. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. या वेळीही तेच केलं आणि तीस वर्षांनी मारिओ पुन्हा उड्या मारायला लागला.

भाची शेजारी बसली होती. ती इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि चिपट्यूनसाठी वेडी आहे. चिपट्यून म्हणजे जुन्या गेम मशीनमधल्या आणि घरगुती कॉम्प्युटरमधल्या आवाजाच्या चिपांवर रचलेलं संगीत. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, "मामा, हे बिघडलंय. चाल संथ आहे, आणि आवाज नाकातून आल्यासारखा वाटतोय."

"छे गं, हा असाच वाजतो. आम्ही रोज ऐकलाय."

तिने फोनवर मूळ जपानी मशीनचं रेकॉर्डिंग लावलं. फरक धडधडीत होता. मूळ चाल चपळ होती, आवाज भरलेला आणि गोल होता. आमचं मशीन मात्र बिघडलेलं नव्हतं. ते जसं घडवलं होतं तसंच वाजत होतं, आणि ते का, हे शोधताना मला चिपट्यूनचं सगळं शास्त्र नव्याने समजलं.

मूळ मशीन म्हणजे निन्टेंडोचं फॅमिकॉम, १९८३ सालचं. त्यात रिकोह कंपनीची एकच चिप हिशेबही करते आणि आवाजही काढते. तिचे गळे, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र आवाज काढणारे भाग, पाच: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा, आणि पाचवा रेकॉर्ड केलेले बारीक तुकडे वाजवणारा. पूर्ण गाणं रेकॉर्ड करून ठेवायला जागाच नव्हती. चित्रं, नकाशे, नियम आणि संगीत धरून अख्खा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटमध्ये बसतो. आजच्या साध्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये तेवढ्या जागेत जेमतेम अडीच सेकंदांचं गाणं मावेल. म्हणून संगीतकार कोजी कोंडो यांनी १९८५ साली कॅसेटमध्ये आवाज भरलाच नाही, भरल्या त्या सूचना: या गळ्याने हा सूर लाव, इतका वेळ धर, इतक्या जोराने. प्रत्येक वेळी मशीन ते गाणं नव्याने गातं.

आता गाणाऱ्याचं घड्याळ. मूळ मशीनच्या प्रोसेसरचे सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके पडतात. चौकोनी गळ्याला सांगायचं, ४,०६४ ठोक्यांत तुझी एक लहर पुरी कर. भागाकार केला की ४४० हर्ट्झ येतात, म्हणजे सेकंदाला ४४० लहरी. सूर असा प्रोसेसरच्या ठोक्यांवरून ठरतो. लय मात्र दुसऱ्याच घड्याळावर चालते. टीव्हीवर नवं चित्र उमटायच्या वेळी संगीताची पुढची सूचना दिली जाते. जपानी टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं उमटतात, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ५०. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली मशीनमध्ये प्रोसेसरचे ठोके मूळच्या अगदी जवळ ठेवलेले असत, पण चित्रं ५०च. त्यामुळे सूर फक्त अर्धस्वराच्या सहाव्या हिश्श्याएवढा खाली येतो, आपण मानतो त्या सर्वांत लहान श्रुतीपेक्षाही कमी. लय मात्र सरळ एक षष्ठांश मंदावते. एका मिनिटाची चाल ७२ सेकंद घेते. म्हणजे आमच्या खोलीतल्या पंधरा पोरांनी तो मारिओ जवळपास मूळ पट्टीत आणि विलंबित लयीत ऐकला!

आणि नाकातला आवाज? त्यासाठी मी घरचा छोटा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर रेखून दाखवणारं यंत्र, मशीनच्या ऑडिओ पिनला जोडला. गेम चालू असताना सगळे गळे एकमेकांत मिसळतात आणि पडद्यावर नुसती गुंतवळ दिसते. पण गेम थांबवला की बाकीचं संगीत गप्प होतं आणि एकाच गळ्यावर छोटीशी सुरावट वाजते. ती पकडली. पडद्यावर ओळीने मनोरे उभे राहिले. त्यांचे माथे सपाट नव्हते, उजवीकडे थोडे कललेले होते, कारण वाटेतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बारीक भाग, एकाच पातळीवर थांबलेला दाब हळूहळू गळू देतो. मनोरा एक भाग रुंद होता आणि त्याच्या पुढची दरी तीन भाग. भाचीने तिच्या लॅपटॉपवर मूळ मशीनचा तोच आवाज उघडून शेजारी धरला. तिथे मनोरा आणि दरी बरोबर निम्मी-निम्मी होती.

हीच सगळी मेख. चौकोनी लहर म्हणजे चालू-बंद, चालू-बंद. ती वेळेचा किती हिस्सा चालू राहते, यावरून आवाजाची जात ठरते. निम्मा वेळ चालू असेल तर मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींतलेच उपस्वर, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर, निघतात. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांतही विषम उपस्वरांचाच जोर असतो. वरातीतल्या बँडची क्लॅरिनेट आठवा, तो पोकळ, गोल आवाज. पाव वेळ चालू ठेवली की सम उपस्वरही येतात, फक्त दर चौथा गळतो, आणि आवाज टोकदार, नाकातला होतो. फॅमिकॉममध्ये असे चार पर्याय होते: साडेबारा, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्के. नक्कल करणाऱ्यांच्या बऱ्याच चिपांमध्ये यातल्या पंचवीस आणि पन्नासची अदलाबदल झालेली आहे. जिथे संगीतकाराने क्लॅरिनेट मागितली तिथे या चिपा टोकदार आवाज देतात, आणि उलट. अशी चिप ज्यांच्या घरी होती त्यांचं बालपणच वेगळ्या वाद्यवृंदावर वाजलं. मला हे कळलं तेव्हा मशीनबद्दल तक्रार तर वाटली नाहीच, उलट ते जास्त आपलं वाटलं.

तर ही साधनं. पण आपण जीव लावतो तो या साधनांतून गाणं काढणाऱ्या माणसांवर, आणि त्यांनी जे काढलं त्याचं अर्धं श्रेय आपल्या कानाला जातं.

माझे आवडते संगीतकार इंग्लंडचे रॉब हबर्ड. १९८२ सालच्या कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमध्ये बॉब यानेस यांनी घडवलेली सिड नावाची चिप होती. तिला एका वेळी तीनच स्वर लावता येत. एक गळा बासला, एक मुख्य सुरावटीला, उरला एकच, आणि ठेकाही याच तिघांत बसवायचा. मग पेटीवर एकदम तीन बोटं ठेवून सा-ग-प धरतो तशी स्वरसंगती आणायची कुठून? हबर्ड, मार्टिन गॉलवे आणि त्यांच्या पिढीने तोडगा काढला. सा, ग, प एकामागून एक इतके भरभर वाजवायचे की कानाने त्यांना वेगळं मोजणं सोडून द्यावं. सेकंदाला ५० सूचना, तीन स्वर, म्हणजे पूर्ण फेरी सेकंदाला जवळपास १७ वेळा. कोणत्याही क्षणी एकच स्वर वाजत असतो, पण कान त्यांची मोट बांधून झिरमिरणारी स्वरसंगती ऐकतो. सिनेमाची स्थिर चित्रं डोळा जशी जोडतो, तसंच हे. चिपट्यूनची ओळख असलेला तो थरथरता, लुकलुकता आवाज या टंचाईतून आला, आणि आज हव्या तेवढ्या गळ्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणारेही तो मुद्दाम वापरतात.

टिम फॉलिन यांची गोष्ट मला त्याहून अचाट वाटते. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरच्या मूळ मॉडेलमध्ये आवाजाची वेगळी चिपच नव्हती. स्पीकरची एक तार, तिला चालू करा किंवा बंद करा, बस्स. जोर कमी-जास्त करायचीही सोय नाही. फॉलिन यांनी प्रोसेसरला दुसरं काही करू न देता ती तार इतक्या नेमक्या क्षणी चालू-बंद करवली की त्यातून एकाच वेळी अनेक सुरावटी ऐकू याव्यात. दोन-तीन लहरींचे अगदी अरुंद मनोरे एकाच तारेत आळीपाळीने घुसवायचे, आणि वेगवेगळे करायचं काम कानावर सोडायचं. ते तेव्हा जेमतेम मिसरूड फुटायच्या वयाचे होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्पीकरकडे बघतच राहिलो.

भाचीचं दैवत वेगळं. उत्तर आयर्लंडची संगीतकार चिपझेल. २०१२ साली आलेल्या 'सुपर हेक्सागॉन' गेमचं संगीत तिचं. तिचं वाद्य म्हणजे निन्टेंडोचा १९८९ सालचा गेम बॉय, हातात मावणारा, चार गळ्यांचा. त्यावर योहान कोटलिन्स्की या स्वीडिश प्रोग्रॅमरने लिहिलेला एलएसडीजे हा संगीत रचायचा प्रोग्रॅम चालतो. त्याच्या पडद्यावर चार उभे रकाने असतात, एकेका गळ्याचा एकेक. सुरावटीचा तुकडा सोळा घरांचा असतो आणि प्रत्येक घरात स्वर, वाद्य आणि एखादी खूण भरायची. सोळा घरं पाहून मला तर लगेच तीनताल दिसला. भाचीने आधी चिपझेलच्या एका गाण्यातला फक्त खरखरीचा गळा ऐकला. शंभरदा. चिपमधली खरखर खरोखर कशीही, नेम नसलेली नसते. आकड्यांची एक लांब साखळी पुनःपुन्हा फिरवलेली असते. ती साखळी आखूड केली की खरखरीला धातूचा नाद येतो. हे तिला कुणी सांगितलं नाही, ऐकून ऐकून सापडलं. मग बासचा गळा, मग उरलेले दोन.

मला वाटतं, या संगीतकारांचे चाहते स्वतः रचनाकार होतात त्याचं कारण इथेच आहे. ऐंशी वादकांच्या वाद्यवृंदातून एक व्हायोला वेगळा ऐकायला अर्धा जन्म जातो. चिपट्यूनमध्ये गळे तीन-चार. तयारीचा कान प्रत्येकाचा माग शेवटपर्यंत काढू शकतो, गाणं उसवून पुन्हा शिवू शकतो. आपल्याकडे म्हणतात, तानसेन होता आलं नाही तर कानसेन तरी व्हावं. इथे कानसेन होणं हाच तानसेन होण्याचा रस्ता आहे. नव्वदच्या दशकात कमोडोरच्या चाहत्यांनी हबर्ड यांचा संगीत वाजवणारा प्रोग्रॅम ओळ न् ओळ सोडवून, समजावून मांडला. सिडवरच्या रचनांचा जो मोठा संग्रह हौशी लोकांनी जमवला, त्यात आज ५० हजारांहून जास्त रचना आहेत.

प्रवाह उलटाही वाहतो. मानामी मात्सुमाए यांनी १९८७ साली कॅपकॉम या कंपनीत 'मेगा मॅन' या गेमचं संगीत केलं. ते ऐकत वाढलेल्या पिढीतल्या जेक कॉफमन यांनी २०१४ च्या 'शॉव्हल नाइट' या गेमचं संगीत त्याच जुन्या मशीनच्या नियमांत रचलं, आणि त्यात मात्सुमाए यांनी स्वतः दोन चाली दिल्या. हिरोकाझु तानाका यांनी निन्टेंडोत असताना 'मेट्रॉइड' या गेमचं संगीत केलं. गेममधले आवाज आणि संगीत यांच्यातली सीमाच पुसून टाकायची, मशीन सजीव वाटायला हवं, असा त्यांचा ध्यास होता. गेम बॉयच्या आवाजाची घडणही त्यांच्या हातची. चाहत्यांनी त्याच गेम बॉयला मैफिलीत आणलं, आणि २०१७ साली, साठीच्या उंबरठ्यावर, तानाका यांनी चिप तानाका या नावाने आपला पहिला अल्बम काढला. न्यूयॉर्कच्या अनामानागुचीसारखे बँड गिटार आणि ड्रमच्या बरोबरीने जुनी मशीन स्टेजवर घेऊन आले. गुरूने बनवलेलं वाद्य शिष्यांनी इतकं वाजवावं की गुरूला पुन्हा गावंसं वाटावं, हे मला फार सुंदर वाटतं.

भाचीची पहिली पूर्ण रचना डिसेंबरात झाली. झपतालात. सोळा घरांच्या तुकड्यात दहाव्या घरानंतर उडी मारायची खूण टाकली की दहा मात्रांचं आवर्तन पडतं. धी ना, धी धी ना. समेला खोल त्रिकोणी बास, आणि 'ना'ला आखूड साखळीची धातूची खरखर, तबल्याच्या चाटीवर बोट पडावं तशी. गेम बॉयमध्ये मुळात त्रिकोणी लहर नाही, पण तिसऱ्या गळ्याला ३२ ठिपक्यांनी हवा तो आकार काढून देता येतो. तिने तो तसा काढून दिला होता.

मी ऐकत होतो आणि मधली सुरावट कानाला ओळखीची वाटत होती, पण चाल तर नवीच होती. मी विचारलं तेव्हा तिने पडद्यावर वाद्याचं पान उघडून दाखवलं. मुख्य सुरावटीच्या गळ्याला तिने पन्नासऐवजी पंचवीस टक्के लावले होते.

"लय पण एक षष्ठांश उतरवलीय," ती म्हणाली. "आता ते मशीन मला पंधरा दिवस दे. खरखर तुझ्या मशीनवर कशी वाजते ते मी अजून नीट ऐकलेलं नाही."

मी पिवळी कॅसेट पुसून तिच्या पिशवीत ठेवली.