प्लस मेझच्या आधी काय होतं? उंदरांच्या अँग्झायटी टेस्टची पार्श्वभूमी

शिरपूर, धुळे, जळगावकडं फार्मसी कॉलेजं मोप झालीत, अन् एम.फार्म. फार्माकॉलॉजीच्या पोराला अँग्झायटीचं मॉडेल विचारलं की तो डोळे झाकून प्लस मेझ सांगतो. जमिनीपासून साधारण 50 सेंमी उंच अधिकच्या चिन्हासारखी पाटी, दोन हात उघडे, दोन भिंतीवाले, उंदीर मधोमध सोडायचा अन् पाच मिनिटं बघायचं की उघड्यावर किती वेळ काढतो, जास्त काढला म्हणजे भीती कमी. वायवाला (तोंडी परीक्षेला) एवढं पुरतं. पण हे आलं कुठून?

सुरुवात लेंड्यांपासून झाली, खरंच. 1934 मधे कॅल्विन हॉलनं उंदीर उजेडाच्या मोकळ्या गोल जागेत सोडले अन् घाबरून किती लेंड्या टाकतात ते मोजलं, तेच ओपन फील्ड. मग 1941 ला एस्टेस अन् स्किनर यांनी आवाजानंतर शॉक द्यायची सवय लावली, पुढं नुसता आवाज झाला तरी खाण्यासाठी दांडी दाबणारा उंदीर थबकायचा.

पण खरा जोर आला तो गोळ्यांमुळं. 1960 ला लिब्रियम ही अँग्झायटीची गोळी बाजारात आली, 1963 ला तशीच व्हॅलियम (म्हणजे डायझेपाम), अन् कंपन्यांना पटकन निकाल देणारी टेस्ट पाहिजे होती. गेलर अन् सायफ्टरची टेस्ट 1960 चीच, दांडी दाबली की खाणं पण मिळतं अन् शॉक पण बसतो, गोळी दिलेला उंदीर शॉक खाऊन दाबतच राहतो. 1971 ला व्होगेलनं तेच तहानलेल्या उंदरावर पाण्यानं सोपं करून टाकलं. प्लस मेझ त्यामानानं उशिरा आलं, 1984 ला हँडली अन् मिथानी, 1985 ला पेलो, फाइल वगैरे मंडळी.

आता यातली गोम बघा. टेस्ट चांगली कशावरून, तर व्हॅलियम त्यात काम करतं यावरून! मग बुस्पिरोनसारखं मेंदूत वेगळ्या वाटेनं काम करणारं अँग्झायटीचं औषध आलं तर प्लस मेझमधे कधी रिझल्ट दिसतो, कधी नाही. माझ्या मते आपण बरीच वर्षं उंदराची भीती कमी अन् व्हॅलियमचा सारखेपणा जास्त मोजला.

अन् पॅनिक, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके, तर यात बसतच नव्हतं. माणसांत डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांना 60 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं की इमिप्रामिन या डिप्रेशनच्या औषधानं हे झटके थांबतात, 1980 च्या डीएसएम-3 मधे (अमेरिकेतली मानसिक आजारांची यादी) पॅनिक डिसऑर्डर वेगळा आजार म्हणून आला. मग उंदरात शोधायचं काय, तर पळ काढणं. मेंदूच्या मधल्या भागात पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे म्हणून जागा आहे, तिच्या वरच्या बाजूला करंट दिला की उंदीर सैरावैरा पळतो, उड्या मारतो. ब्राझीलच्या ग्रेफ यांच्या गटानं यावर खूप काम केलं, अन् 1990 च्या दशकात प्लस मेझचा एक भिंतीवाला हात काढून टी मेझ बनवलं. भिंतीआडून बाहेर यायला उंदीर किती वेळ लावतो ती अँग्झायटी, उघड्या हातावर ठेवल्यावर किती पटकन आत पळतो ते पॅनिकच्या जवळचं. डायझेपाम पहिल्यावर चालतं. इमिप्रामिन मात्र रोज देत तीनेक आठवडे गेले की मग दुसऱ्यावर पण दिसतं, अन् माणसाला पण त्याचा फरक पडायला आठवडेच लागतात.

लॅक्टेटची लाइन अजून वेगळी. पिट्स अन् मॅक्लूर यांनी 1967 ला दाखवलं की सोडियम लॅक्टेट शिरेतून दिलं तर असे झटके येणाऱ्या पेशंटला झटका येतो. पुढं अमेरिकेत अनंत शेखर यांच्या गटानं उंदराच्या हायपोथॅलॅमसच्या एका भागातला गाबाचा (मेंदूतलं शांत करणारं रसायन) ब्रेक ढिला केला, मग तेच लॅक्टेट दिल्यावर त्या उंदरांचं बीपी अन् ठोके झपकन वाढले, साध्या उंदरांना तेवढा फरक पडला नाही.