मिलफर्ड साऊंडला कयाकिंग करायचंय? मग हॉटेल बुक करायच्या आधी हे वाचा

मिलफर्ड साऊंड म्हणजे न्यूझीलंडच्या डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, आणि कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी. न्यूझीलंडला जाणाऱ्या बहुतेकांचा आम्हा टूरवाल्यांना येणारा फोन एकाच वाक्याने सुरू होतो, "क्वीन्सटाउनचं हॉटेल झालंय, आता त्यात एक सकाळ मिलफर्डचं कयाकिंग बसवा." तिथेच सगळं अडतं. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतोय.

नकाशावर दोन्ही ठिकाणं शेजारीशेजारी दिसतात, सरळ रेषेत जेमतेम 70 किमी. पण मधे डोंगर आहेत आणि त्यातून रस्ताच नाही, तो टे आनाऊ या गावावरून वळसा घालून जातो, एका बाजूने जवळपास 290 किमी, कुठेही न थांबता चार तास. सकाळच्या बॅचला सातच्या आसपास हजर राहायचं असतं. म्हणजे रात्री अडीचला निघायचं, अंधारात घाटरस्ता, टे आनाऊच्या पुढे बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. वर दिवसा गेलात तर होमर बोगद्याचा सिग्नल, सव्वा किमीचा बोगदा, एका वेळी एकाच बाजूची वाहतूक, आणि थांबलेल्या गाड्यांवर किआ नावाचे पोपट येऊन वायपरचं रबर उचकटत बसतात. बघायला मजा येते, उशीर होत नसेल तर!

आमच्याकडे बुकिंग केलेल्या एका कुटुंबाने आमचं न ऐकता क्वीन्सटाउनहून पहाटे चारला गाडी काढली. पोचले तेव्हा कयाक पाण्यात जाऊन तास झाला होता. गाइड थांबत नाहीत, पैसेही परत मिळाले नाहीत, आणि बोलणी मात्र आम्ही खाल्ली.

"मग दुपारची बॅच घेऊ" असं लगेच सुचतं. तीही असते, पण उन्हाळ्यात ऊन तापलं की दुपारी समुद्राकडून वारा आत शिरतो आणि पाणी खवळतं, पहिल्यांदा वल्हं धरणाऱ्याचे खांदे भरून येतात. सकाळी तेच पाणी बहुतेकदा काचेसारखं असतं. तिथला मायटर पीक हा सुळका 1,683 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडाच उंच, पण कळसूबाईला आपण बारी गावापर्यंत आधीच बरेच वर आलेलो असतो, हा थेट पाण्यातून उभा राहतो. क्रूझच्या डेकवरून तो फोटोत बसतो, कयाकमधून मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

म्हणून आम्ही टे आनाऊच्या दोन रात्री घेतल्याशिवाय कयाकिंग बुक करत नाही. तिथून मिलफर्ड 120 किमीच्या आत, दोन तास. लोकांना वाटतं हॉटेलच्या कमिशनसाठी चाललंय. दुसरी रात्र राखीव असते हो, पहिल्या सकाळी वाऱ्यामुळे ट्रिप रद्द झाली तर दुसरी सकाळ हातात राहते. एका दिवसाचं स्वस्त पॅकेज बाहेर मिळेल, नक्की मिळेल, पण त्यात ही सोय विचारून घ्या.

पावसाने मात्र ट्रिप रद्द होत नाही. तिथे वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्याला घाबरून कसं चालेल? कायमचे मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग, बाकीचे शेकडो फक्त पाऊस आला की जागे होतात, श्रावणातल्या माळशेजसारखे. पाऊस झाल्यावर पाण्यात बोट बुडवून चाटून बघा, समुद्र असूनही खारट लागत नाही. डोंगरावरून उतरलेलं चहाच्या रंगाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून तरंगतं.

पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, कयाक दोघांची आणि रुंद असते, लाइफ जॅकेट घालतातच. सुकाणू मागच्याच्या पायात असतं, त्यामुळे नवरा-बायकोने कोण मागे बसणार ते टे आनाऊलाच ठरवून या. जीन्स नको, भिजली की दिवसभर अंगाला गार चिकटते. थर्मल आणि जॅकेट तिथे मिळतं, आतून सुती बनियनसुद्धा घालू नका. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, मलम जवळ ठेवा. पेट्रोल टे आनाऊलाच फुल करा.

तारखा विमानाचं तिकीट काढल्या काढल्या पाठवा, हॉटेल आम्ही बघतो. सोबत प्रत्येकाची उंची आणि वजन, जोड्या त्यावरून लावतात. वजन खरं सांगा, पाच किलो कमी सांगितलेलं किनाऱ्यावर लगेच कळतं.