चरबीपासून बायोडिझेल

कत्तलखान्यात आणि मटण-चिकनच्या दुकानात उरलेली चरबी वितळवून तिच्यापासून डिझेल इंजिनात चालणारं इंधन बनवतात, ते हे बायोडिझेल. म्हशी-बकऱ्याची चरबी म्हणजे टॅलो, डुकराची लार्ड, आणि कोंबडीची त्यातल्या त्यात मऊ.

आधी रेंडरिंग, म्हणजे चरबी तापवून पाणी आणि मांसाचे तुकडे वेगळे काढायचे. डुकराचं मटण शिजताना टोपात वर तूप तरंगतं तसंच, फक्त मोठ्या भट्टीत. मग त्यात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून साधारण 60 डिग्रीला ढवळत ठेवतात. 100 किलो चरबीला अंदाजे 10 किलो मिथेनॉल लागतं, हाताला जवळजवळ 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलो ग्लिसरीन येतं, ग्लिसरीन जड म्हणून खाली बसतं ते काढून टाकायचं.

गोव्याच्या हवेचा याला फायदा पण आहे आणि त्रास पण. टॅलोचं बायोडिझेल साधारण 12 ते 17 डिग्रीला गढूळ होऊन गोठायला लागतं, युरोपात हिवाळ्यात हीच मोठी अडचण, पण पणजीत जानेवारीच्या रात्रीसुद्धा 20च्या आसपास असतं म्हणजे इथे टाकीत गोठायचं काही भय नाही (चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्या ट्रकला मात्र डिसेंबरच्या पहाटे त्रास होईल, तिथे साध्या डिझेलमध्ये थोडंच मिसळलेलं बरं). त्रास असा की याच उकाड्यात कच्ची चरबी पटकन खवट होते, त्यातलं फ्री फॅटी ॲसिड (चरबी फुटून सुटं झालेलं आम्ल) वाढतं आणि ते 2-3 टक्क्यांवर गेलं की सोडा घातल्यावर इंधनाच्या जागी साबणच व्हायला लागतो, मग ते आम्ल कमी करायला आधी सल्फ्युरिक ॲसिडची एक वेगळी पायरी करावी लागते, म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही वाढलं.

केरळात वायनाडच्या पशुवैद्यकीय कॉलेजात कोंबडीच्या कचऱ्यापासून बायोडिझेल बनवलंय, 2021 मध्ये त्याला पेटंट मिळालं. केंद्राच्या 2018च्या जैवइंधन धोरणात बायोडिझेलच्या व्याख्येतच प्राण्यांची चरबी आहे आणि 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरलंय.

माझ्या मते गोव्यात खरा प्रश्न केमिस्ट्रीचा नाहीच, चरबी गोळा करण्याचा आहे. उसगावच्या मीट कॉम्प्लेक्ससारख्या मोठ्या कत्तलखान्यात ती एकाच जागी मिळते, पण म्हापसा-मडगावच्या चिकनवाल्यांकडे थोडी थोडी, आतडी-पिसांत मिसळलेली. दुकानातच वेगळी काढून फ्रीजरमध्ये ठेवली आणि एक-दोन दिवसांत गाडीने उचलली तरच तिचं नीट इंधन होतं.