'तसलं अजून काही आहे का?' : गे सिनेमे आपल्यापर्यंत आले कसे

परवा टपरीवर चहा पिताना ऑफिसातल्या एका पोट्ट्याने हळूच विचारलं, दादा तुम्ही तो 'साबर बोंडं' पाहिला म्हणे, तसलं अजून काही असेल तर सांगा ना. 'तसलं' म्हणताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मला वीस वर्षांपूर्वीचा मीच दिसलो, कारण तेव्हा आम्हीही 'तसलं'च म्हणायचो आणि म्हणायच्या आधी एकदा मागे वळून पाहायचो. यादी काय, पाच मिनिटांत व्हॉट्सॲप केली असती. पण लिहायला बसलो तर एकेका नावामागे एकेक भानगड निघाली, कोणता पिक्चर कसा दडपला, कोणता कसा सापडला, आणि ते माहीत नसेल तर यादी म्हणजे नुसती किराण्याची चिठ्ठी. म्हणून हे लांबण.

सुरुवात त्याच पिक्चरपासून करतो. आमच्या विदर्भात बोंडं म्हटलं की आधी कापूसच डोळ्यासमोर येतो, त्यामुळे नाव ऐकून मला वाटलं शेतकऱ्यावरचा पिक्चर असेल. ही बोंडं निवडुंगाची निघाली, काटे काढून खायची लाल फळं. रोहन परशुराम कानवडे या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा सिनेमा, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमध्ये त्याने वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी प्राइज घेतलं. गोष्ट इतकीच की मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, आणि लहानपणचा मित्र बाळ्या परत भेटतो. पार्श्वसंगीत नाहीच, नुसते गावाचे आवाज. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भारतात थेटरला लागला आणि मी तो पुण्याला कामासाठी गेलो होतो तेव्हा पाहिला. सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू का, त्यातल्या आईला सगळं ठाऊक आहे आणि ती रडून-भेकून घर डोक्यावर घेत नाही, भावकीला काय सांगायचं ते स्वतः ठरवते. असली आई मी पडद्यावर याआधी पाहिली नव्हती.

पण लोक जे म्हणून राहिले ना की मराठीत हे सगळं आत्ता सुरू झालं, ते काही खरं नाही. मराठीत हा विषय आधी स्टेजवर आला, तोही चांगला चव्वेचाळीस वर्षं आधी. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी त्यात सुमित्रा झाल्या होत्या, चाळीसच्या दशकातल्या पुण्यातली कॉलेजातली मुलगी जिला मुलगी आवडते. आता त्या सुमित्राचा शेवट वाईटच केलाय, हे खरं, आणि आजच्या पोरांना वाचायला देताना मी आधीच सांगून ठेवतो की बाबा, हे वाचून जीव खाली होईल. नंतर रवी जाधवांनी त्यावरच 'मित्रा' नावाची शॉर्टफिल्म केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ती २०१५ मध्ये 'बायोस्कोप'मधून थेटरातही आली. १९८२ च्या 'उंबरठा'त जब्बार पटेलांनी महिलाश्रमातल्या दोन बायकांच्या संबंधांचा प्रसंग ठेवलाय, माझ्या आईने हा पिक्चर कितीतरी वेळा पाहिलाय आणि तिला तो भाग आठवतच नाही म्हणते, आता विसरली की आठवायचा नाही हे तिलाच माहीत. मग २००६ मध्ये अमोल पालेकरांचा 'थांग', त्यात मुक्ता बर्वे, बायकोला कळतं की नवऱ्याचं त्याच्या मित्राशी नातं आहे. तो इंग्रजीतही केला होता आणि इंग्रजीवाल्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' हे नाटक आहे, त्यात एक आई पोराची डायरी वाचते आणि मग बोलत राहते. म्हणजे माणसं लिहीत होती, करत होती. आपल्यापर्यंत पोचत नव्हतं ही गोष्ट वेगळी.

अजून मागे जायचं तर आमच्याकडचं लोकनाट्य, खडी गंमत घ्या. भंडारा-गोंदियाकडे अजूनही साडी नेसून पुरुष नाचतो आणि अख्खं गाव बसून बघतं, त्यात कोणाला काही वाटत नाही. 'नटरंग'ने तो नाच्या अख्ख्या महाराष्ट्राला दाखवला, आणि त्या माणसाचं समाज पुढे काय करतो तेही दाखवलं. म्हणजे बाईच्या वेषातला पुरुष चालतो, हसायला तर फारच चालतो. दोन पुरुष साध्या शर्ट-पँटमध्ये एकमेकांकडे नीट बघायला लागले की मात्र खुर्च्या सरकायला लागतात. हिंदीवाल्यांनी तर यावर वर्षानुवर्षं पोट भरलं, १९९१ चा 'मस्त कलंदर' आठवा, अनुपम खेरचा पिंकू. शाळेत आमच्यातल्या एका नाजूक पोराचं नाव लोकांनी पिंकूच पाडलं होतं. तो पोट्टा आता कुठे आहे मला माहीत नाही, पण मी त्याच्यावर हसणाऱ्यात होतो हे माहीत आहे.

मजा अशी की हिंदीत याच्या वीस वर्षं आधी बरं काम झालं होतं. १९७१ चा 'बदनाम बस्ती', कमलेश्वरांच्या कादंबरीवरचा, एक बाई आणि दोन पुरुष, आणि त्या दोघांमध्येही काहीतरी आहे. आला, पडला आणि गायबच झाला, प्रिंटच सापडेना. २०१९ मध्ये ती बर्लिनच्या एका फिल्म अर्काइव्हमध्ये निघाली! आपल्याकडचा पिक्चर जर्मनीत पडून होता आणि आपण पिंकूवर हसत होतो.

मग 'फायर'. दीपा मेहतांचा पिक्चर १९९६ चा, भारतात लागला नोव्हेंबर १९९८ मध्ये, सेन्सॉरने काटछाट न करता पास केलेला. शबाना आझमी आणि नंदिता दास, एका घरातल्या दोन जावा, एकमेकींच्या प्रेमात पडतात. डिसेंबरमध्ये मुंबईत आणि दिल्लीत थेटरांवर मोर्चे, तोडफोड, मग पिक्चर परत सेन्सॉरकडे, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा काटछाट न करता बाहेर. मी तेव्हा शाळेत होतो, घरी पेपर यायचा त्यात फुटलेल्या काचांचे फोटो होते आणि बाबांनी ते पान घडी घालून बाजूला ठेवलं. त्या घडीमुळेच मला कळलं की यात काहीतरी आहे. पहिली शिफारस म्हणाल तर ती, बाबांची.

थेटरवाल्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. आणि इथे नागपूरचं एक वेगळंच दुखणं आहे जे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगूनही कळत नाही. पिक्चरच्या धंद्यात देशाचे जे जुने सर्किट पाडलेत त्यात आपण मुंबई सर्किटमध्ये नाहीच, आपण सीपी-बेरार. राज्य महाराष्ट्र, पण वितरणाच्या हिशोबात अजून जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड. त्यात शहर अर्धं हिंदी बोलणारं. मोठा मराठी पिक्चरसुद्धा इकडे दुपारच्या शोला ढकलला जातो, मग छोटा, त्यातही 'तसला' पिक्चर कोण लावणार? व्हरायटी चौकाला नाव थेटरावरून पडलं, एवढं हे सिनेमावेडं शहर, आणि तरी माझ्या तरुणपणी मी यातला एकही पिक्चर नागपुरात मोठ्या पडद्यावर पाहिला नाही.

पाहिला तो सीडीवर. २००६ च्या आसपास सीताबर्डीला फूटपाथवर मिळायच्या तसल्या, 'ब्रोकबॅक माउंटन', म्हणजे दोन काउबॉयच्या प्रेमाचा पिक्चर, त्याची सीडी मला एका मित्राने दिली ती अशी की वर मार्करने 'काउबॉय ॲक्शन' लिहिलेलं. त्याने दिली म्हणजे त्याने मला काय सांगितलं ते मला कळलं आणि मी घेतली म्हणजे त्यालाही कळलं, एक शब्द न बोलता. पुढे दोन वर्षं आम्ही असंच बोलत होतो, सीड्यांनी. त्याने दिली ओनिरची 'माय ब्रदर निखिल', २००५ ची, गोव्यातला पोहणारा पोरगा, एचआयव्ही आणि त्याची बहीण, मी दिला वाँग कार-वाईचा 'हॅपी टुगेदर', जो मला तेव्हा अर्धा कळला नव्हता. सायबर कॅफेच्या लाकडी खोपट्यात बसून नावं शोधायची, कागदावर लिहायची, कागद पाकिटात ठेवायचा. याच काळात सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली, भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात, पुण्यातलं घर. ती मी लायब्ररीतून तीनदा आणली तेव्हा काउंटरवरच्या काकांनी विचारलं, परीक्षेला आहे का?

कायद्याचं पटकन सांगतो, कारण पिक्चरच्या तारखा त्याच्यावरच नाचतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं. जुलै २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते सज्ञान लोकांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाद केलं, डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, ६ सप्टेंबर २०१८ ला परत सुप्रीम कोर्टानेच ते तेवढ्यापुरतं काढलं. पहिल्या निकालानंतर २०१० मध्ये मुंबईत श्रीधर रंगायन यांनी असल्याच सिनेमांचा 'कशिश' फेस्टिव्हल सुरू केला. याच रंगायन यांच्या 'गुलाबी आईना'ला आधी सेन्सॉरने सर्टिफिकेटच नाकारलं होतं. कशिशची यादी निघाली की आम्ही इकडे बसून ती वाचायचो, मेन्यू कार्ड वाचतात तशी.

आणि आता ते, ज्यासाठी मी खरंतर लिहायला बसलो. तो पोट्टा म्हणाला, 'अलिगढ' पाहिलाय, यूपीतला आहे ना तो? अरे बाबा, ज्यांच्यावर तो पिक्चर आहे ते प्राध्यापक आपले होते. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस, शिक्षण नागपूरचं, मराठीतली पीएचडी नागपूर विद्यापीठाची, आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठात ते शिकवत होते ती मराठी. कवी होते, 'पायाखालची हिरवळ' या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसले, विद्यापीठाने निलंबित केलं, निवृत्तीला काही महिनेच उरले होते. म्हणजे बघा, दिल्ली हायकोर्टाचा निकाल लागून सात महिने झालेले, कायद्याने गुन्हा नाही, तरी नोकरी आणि घर गेलं. ते अलाहाबाद हायकोर्टात गेले, १ एप्रिलला कोर्टाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, ७ एप्रिलला ते त्यांच्या खोलीत मृत सापडले. हंसल मेहतांचा पिक्चर फेब्रुवारी २०१६ चा, पटकथा अपूर्व असरानी यांची, आणि त्याच्या ट्रेलरलासुद्धा सेन्सॉरने 'ए' दिला होता. मनोज बाजपेयी एकटा खुर्चीत बसून लताचं गाणं ऐकतो, हातात ग्लास, हळूहळू हात हलतो, बस. बाकी काही घडत नाही त्या सीनमध्ये आणि मला तो अजून सलग बघवत नाही.

हे नागपुरात किती जणांना माहीत आहे? आपण संत्र्यापासून तर्री पोह्यापर्यंत सगळ्यावर हक्क सांगतो, पण मराठीच्या या प्राध्यापकाबद्दल मी इथे कोणत्या साहित्यिक कार्यक्रमात कधी ऐकलं नाही. मी जातो ते कार्यक्रम कमी असतील, हेही मान्य.

यानंतरचं सोपं आहे आणि त्यामुळे थोडं कंटाळवाणं. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, ओटीटीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागत नाही, आणि सीताबर्डीचा फूटपाथ खिशात आला. महाबळेश्वरला शूट झालेला सुधांशु सरियाचा 'लव्ह' तिथेच पाहिला, स्पेलिंग विचित्र आहे, शोधताना हुकेल. २०१८ नंतर हिंदी कौटुंबिक पिक्चरही निघाले, त्यात 'बधाई दो' मला मनापासून आवडतो, २०२२ चा, गे पोलीस आणि लेस्बियन पीटी टीचर घरच्यांसाठी एकमेकांशी लग्न करतात. असं लग्न केलेले मला नागपुरातच दोन जोड्या माहीत आहेत, त्यामुळे मी हसलो कमी. नीरज घेवानची 'गीली पुच्ची' ही त्याहून तिखट, कारण तिथे जात पण आहे, आणि आपले लोक एक विषय पचवतात तेव्हा दुसरा सोयीने विसरतात.

दक्षिणेतला 'काथल', नोव्हेंबर २०२३ चा, मम्मुट्टी. विचार करा, सत्तरी ओलांडलेला सुपरस्टार स्वतःच्या कंपनीतून पिक्चर काढतो, स्वतःच गे माणसाचा रोल करतो, आणि गोष्ट अशी की तो स्थानिक निवडणुकीला उभा आहे आणि बायकोने घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. आपल्याकडचा कोणता हिरो करेल? नावं घेत नाही, उगाच ग्रुपवर भांडण.

तर त्या पोट्ट्याला मी आत्ता तीनच नावं पाठवलीत. 'काथल', 'बधाई दो' आणि इंग्लंडच्या मेंढपाळांचा 'गॉड्स ओन कंट्री', कारण बाळ्याची शेळ्या-शेतीची दुनिया आवडली असेल तर यॉर्कशायरचा तो चिखल पण आवडेल. 'अलिगढ' पाहिलाय त्याने, पण परत बघ म्हटलं, सिरसांचं गाव लक्षात ठेवून. 'मित्राची गोष्ट' मुद्दाम नाही दिलं. तो सध्या एकटा राहून राहिला प्रतापनगरला, आणि ते नाटक एकट्याने रात्री वाचायचं नाही, ते मी स्वतः त्याला बसून वाचून दाखवीन.

रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, दादा काथल लावला, सबटायटल इंग्रजीत आहेत, आई विचारते आहे व्हिडिओ कॉलवर काय पाहतोय, काय सांगू? मी लिहिलं, सांग निवडणुकीचा पिक्चर आहे.