महास्फोट: बारसे केले विरोधकाने

विश्वाचा आरंभ सांगणारा ‘महास्फोट’ हा शब्द आज शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. गंमत अशी की, ‘बिग बँग’ हे त्याचे मूळ नाव तो सिद्धांत न मानणाऱ्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी दिले, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना.

दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकमेकींपासून दूर जात आहेत, हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हबल यांच्या निरीक्षणांतून १९२९ मध्ये दिसले. मग हे सगळे कधीतरी एका जागी असणार, असे बेल्जियमचे धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ लमेत्र यांनी मांडले. महास्फोटाची कल्पना ती हीच. पण हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे येई आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत. म्हणजे लेक आईपेक्षा थोरली! हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये ‘स्थिर स्थिती’ सिद्धांत मांडला, तेव्हा ही अडचण ताजी होती. विश्व फुगते, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते. म्हणून त्याला आरंभ नाही, शेवटही नाही.

याच हॉईल यांच्याकडे कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर संशोधनाला गेले. केंब्रिजमध्येच खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल अवकाशातल्या रेडिओ लहरींच्या स्रोतांच्या मोजणीवरून स्थिर स्थितीवर तुटून पडत होते आणि विशीतले नारळीकर गुरूच्या बाजूने गणित मांडत होते. दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ मध्ये गाजला. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या अँटेनात सगळीकडून येणारी खरखर जाहीर झाली. ती टिपणाऱ्या पेन्झियास आणि विल्सन यांना आधी कबुतरांच्या विष्ठेचा संशय होता. निघाले ते महास्फोटानंतर उरलेले प्रारण (रेडिएशन), तापमान सुमारे तीन केल्व्हिन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वर. बहुतेकांच्या लेखी वाद तिथेच मिटला.

नारळीकरांच्या लेखी नाही. पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारल्यावरही, १९९३ मध्ये, त्यांनी हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह स्थिर स्थितीची सुधारित आवृत्ती मांडली: आलटून पालटून फुगणारे, आकसणारे, अनादी विश्व. प्रारणाचे त्यांचे स्पष्टीकरण फारसे कुणाला पटले नाही, मलाही ते ओढूनताणून वाटते. पण विश्वाच्या जन्माबद्दल पहिल्यांदा त्यांच्याकडून मराठीत ऐकलेल्या कित्येकांना ते स्वतः तो जन्म मानत नाहीत, हे उशिरा कळले.

प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळले. मूळ स्थिर स्थितीचे गणितही हेच सांगत होते, हे मात्र क्वचितच आठवले जाते. वेग असाच वाढत राहिला तर दूरच्या दीर्घिका एकेक करून नजरेआड होतील. २०२४ नंतरच्या काही मोजणीत मात्र हा वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा क्षीण होत असल्याचे संकेत आहेत.